दोन्ही टोकं माझ्या हातची

घरच्या सिनेमाच्या सेटसाठी टेप लावून मोजलं तर अँप्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंतचं अंतर ७ मीटर भरत होतं. पण तार काही सरळ रेषेत जात नाही. ती रॅकच्या मागून खाली उतरते, भिंतीच्या कडेकडेने जाते, दाराची चौकट चढून पलीकडे उतरते आणि शेवटी स्टँडच्या पाठीवरून स्पीकरपर्यंत पोचते. म्हणून मी सुतळी घेतली. तार जिथून न्यायची होती तिथून चिकटपट्टीचे तुकडे लावत सुतळी नेली, मग ती काढून जमिनीवर पसरून मोजली. १२ मीटर. स्पीकर पुसायला, सरकवायला लागतो म्हणून वर अर्धा मीटर ढील. अशी साडेबारा मीटर लांबीची तयार केबल मिळेना. एक आखूड पडायची, दुसरी इतकी लांब की उरलेलं वेटोळं कुठे ठेवायचं हा प्रश्न. पाच स्पीकर, खर्जाचा आवाज देणारा एक सबवूफर, एक जुना डीव्हीडी प्लेअर आणि प्रोजेक्टर, एवढा पसारा होता. सगळ्या केबल्स आपणच करायच्या असं तिथेच ठरलं. पुढचे चार-पाच रविवार मी आणि माझा धाकटा भाऊ त्यात होतो.

सुरुवात स्पीकरच्या तारांपासून केली, कारण त्या सगळ्यांत सोप्या. इथे एकच गोष्ट खरी महत्त्वाची: तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. स्पीकर स्वतः ४, ६ किंवा ८ ओहमचा असतो. तारेचा जाऊन-येऊन रोध त्याच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, एवढा ठोकताळा पुरतो. माझे स्पीकर ६ ओहमचे, म्हणजे मर्यादा ०.३ ओहम. साडेबारा मीटरचा रस्ता म्हणजे जाऊन-येऊन २५ मीटर तांबं. सेटबरोबर आलेली तार अंदाजे पाऊण चौरस मिलिमीटरची होती. तिचा हिशोब ०.५७ ओहमवर गेला. दीड चौरस मिलिमीटर घेतली तर ०.२९, म्हणजे जेमतेम काठावर. अडीच घेतली तर ०.१७. मागच्या दोन्ही स्पीकरना अडीचची आणि पुढच्या तिघांना दीडची तार घ्यायचं ठरलं, कारण पुढचा रस्ता ४ मीटरच्या वर कुठेच नव्हता. हा हिशोब कागदावर मांडला आणि डोक्यातला बराच गोंधळ तिथेच संपला. जाड तारेचं, चकचकीत वेष्टणाचं जे काही ऐकलं होतं त्यातलं या आकड्यांच्या पुढे काही टिकलं नाही.

पहिलं ५० मीटरचं बंडल मात्र फसवं निघालं. हातात घेतलं तेव्हाच हलकं वाटलं होतं, पण आनंदाच्या भरात तिकडे दुर्लक्ष झालं. टोक सोलून एक बारीक तंतू ब्लेडने खरवडला तर लाल थराखाली पांढरा धातू. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार होती ती. कल्हई केलेल्या तांब्याची तारही पांढरी दिसते, पण ती बाहेरून पांढरी आणि आतून लाल. ही बरोबर उलटी होती. खात्रीसाठी बंडलाच्या एका टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजायचा मल्टिमीटर लावला. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या १०० मीटरला साधारण ०.७ ओहम यायला हवेत. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करून मला १.१ दिसत होते. वेष्टणावर या मुलाम्याचा कुठे उल्लेख नव्हता, आणि तेच मला फार लागलं. ॲल्युमिनियमची तार वापरायची तर जाड घेऊन वापरता येते, पण काय विकत घेतोय ते घेणाऱ्याला कळायला हवं. शिवाय ती दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तिच्यावर डाखही नीट बसत नाही. बंडल परत केलं. दुसरं घेताना आधी टोक खरवडलं, मग घेतलं.

स्पीकरच्या तारेच्या टोकांना मी बनाना प्लग लावले, स्क्रूने आवळायचे. तंतू विस्कटू नयेत म्हणून सुरुवातीला टोकांवर डाख चढवून घेतला. तीन आठवड्यांनी हात लावून बघितलं तर दोन प्लग सैल. डाख मऊ धातू आहे, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू दबत जातो आणि पकड सुटते. तेव्हा स्क्रूखाली जाणारं टोक कोरंच ठेवायचं, नुसतं घट्ट पिळायचं. आणि एकही तंतू बाहेर राहिलेला नाही ना, हे बोटाने चाचपून बघायचं. लाल-काळ्या टर्मिनलच्या मध्ये केसाएवढा एक तंतू आडवा आला तरी अँप्लिफायर जागच्या जागी बंद पडतो, आणि बंद पडला तर नशीब म्हणायचं.

खरं काम सुरू झालं ते आरसीए केबल्सपासून. मधे एक पिन आणि भोवती कड्यासारखी पाकळी, असा तो जुना प्लग आपण सगळ्यांनी बघितलेला असतो. पहिली जोडी प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंतची, ऑडिओची. सोल्डरिंगचा हात मला अजिबात नव्हता. पहिलं टोक बसवायला पाऊण तास लागला. झाल्यावर समाधानाने बघतेय, तर प्लगचं धातूचं टोपण टेबलावरच. ते आधी केबलमधून ओवून घ्यायचं असतं, डाख दिल्यावर ते मागून चढत नाही. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर केबल कापली की आधी टोपण ओवायचं, मग श्रिंक स्लीव्हचा, म्हणजे गरम केलं की आवळणाऱ्या नळीचा, तुकडा ओवायचा, आणि दोन्ही मागे सरकवून कपड्याचा चिमटा लावायचा, असा क्रम भावाने कागदावर लिहून भिंतीला डकवला.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. जोडी तयार झाली, तार सलग आहे असं सांगत मल्टिमीटर बीप वाजवत होता, गाणी वाजत होती. रॅक भिंतीकडे सरकवला आणि डावा आवाज गेला. केबलला हात लावला की येई, सोडला की जाई. प्लग उघडला. पिनच्या मागच्या खोबणीत डाखाचा छान गोल मणी दिसत होता, पण त्याचा पृष्ठभाग राखाडी, दाणेदार, आणि तारेभोवती केसाएवढी गोल भेग. तार ओढली तर ती त्या मण्यातून अख्खी बाहेर आली, जिथून आली तिथे स्वच्छ गोल भोक राहिलं. डाख तारेला धरलाच नव्हता, नुसता भोवती थिजला होता. मी सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर डाख वितळवून तो थेंब जोडावर सोडत होते. थेंब गरम, पण पिन आणि तार थंड. मग पकड कसली येणार?

त्यानंतर पद्धत बदलली. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला डाख आणला. हा मिश्रधातू १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, मधली खिरीसारखी अवस्था नसते, त्यामुळे गोठताना हात हलून जोड बिघडायचा धोका कमी. आयर्न ३५० अंशांच्या आसपास. आधी तारेला वेगळी कल्हई, पिनच्या खोबणीला वेगळी कल्हई, मग दोन्ही एकत्र धरून आयर्नचं टोक पिनला बाहेरून टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने डाखाची तार लावायची. धातू तापला की डाख आपणहून आत ओढला जातो. तो क्षण डोळ्यांनी बघावा असा असतो: थेंब फुगलेला असतो तो अचानक बसतो, पसरतो, तारेच्या प्रत्येक तंतूच्या मधे शिरतो आणि वर आरशासारखी झाक येते. आयर्न काढायचं आणि तीन सेकंद श्वास रोखल्यासारखं स्थिर राहायचं. पंधरा-वीस जोड झाल्यावर हाताला ते कळायला लागलं. धूर तोंडावर येऊ नये म्हणून खिडकीपाशी बसत होते, आणि शिशाचा डाख असल्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही, हा नियम भावालाही लावला.

तपासणीही बदलली. नुसती बीप पुरे नाही. मीटर लावलेला ठेवून केबलचं टोक चारी दिशांना वाकवायचं, प्लग हलवायचा, हलकासा ओढायचा. बीप एकदाही तुटता कामा नये. मग पिन आणि बाहेरची पाकळी यांच्या मधे मीटर लावायचा, तिथे बीप येता कामा नये. एकाने वाकवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. भाऊ कान देऊन बसायचा आणि मधेच म्हणायचा, "ताई, तुटली बीप, परत वाकव." त्याला तुटलेली बीप माझ्याआधी ऐकू यायची.

सबवूफरने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. त्याच्यासाठी ८ मीटरची केबल लागत होती आणि स्पीकरची दीडची तार उरली होती. तिलाच आरसीए प्लग लावले. चालू केलं तर सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज. स्पीकरच्या तारेला जाळी, म्हणजे मधल्या तारेभोवती विणलेलं धातूचं संरक्षक वेष्टण, लागत नाही, कारण तिच्या टोकाला काही ओहमचा स्पीकर असतो आणि वाटेत घुसलेली क्षुल्लक वीज तो हलवूच शकत नाही. सबवूफरचं इनपुट मात्र हजारो ओहमचं असतं आणि पुढे त्याचा स्वतःचा अँप्लिफायर. घरातल्या विजेच्या तारांमधून हवेतून आलेला तो ५० किंवा ६० हर्ट्झचा शिरकाव नेमका सबवूफरच्याच पट्ट्यात पडतो आणि सबवूफर तो इमानाने मोठा करून ऐकवतो. तेव्हा इथे जाळीची कोअॅक्सियल केबल हवीच.

ती केबल केली. आवाज पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. मला वाटलं जाळीचा जोड कच्चा राहिला. तो कापून पुन्हा केला. तसाच. तिसऱ्यांदा दुसऱ्या टोकाचा केला. तसाच. दोन संध्याकाळी यात गेल्या. मग भाऊ म्हणाला, "तुझी केबल बरोबर असेल तर?" आणि त्याने रॅकमधली एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. प्लेअर काढला, घूं कायम. प्रोजेक्टर काढला, कायम. अँटेनाची वायर ट्यूनरमधून उपसली आणि खोलीत एकदम शांतता झाली. अँटेनाच्या केबलची जाळी गच्चीवर एका ठिकाणी अर्थ झालेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, सबवूफर भिंतीतल्या सॉकेटमधून दुसऱ्या ठिकाणी अर्थ झालेला, आणि दोन्ही अर्थना माझ्या नव्या केबलच्या जाळीने जोडून टाकलेलं. त्या कड्यातून वीज फिरत होती आणि तीच ऐकू येत होती. केबल कितीही चांगली केली असती तरी ते जाणार नव्हतं. अँटेनाच्या वाटेत सिग्नल जाऊ देणारा पण जाळीची जोड तोडणारा एक छोटा आयसोलेटर बसवला आणि प्रश्न मिटला. अशा वेळी काही जण प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण दोष आला तर तुमच्या जिवाचं रक्षण करणारी वाटही जाते. असं कुणीही, कधीही करू नये.

प्लेअरचा डिजिटल ऑडिओ आणि प्रोजेक्टरला जाणारं कंपोनंट व्हिडिओ, म्हणजे तीन केबल्समधून जाणारं चित्र, या दोन्हींसाठी ७५ ओहमची केबल लागते. हे ७५ ओहम मल्टिमीटरवर दिसत नाहीत. मधल्या तारेची जाडी, भोवतीच्या जाळीचा व्यास आणि दोन्हींमधला फेसाळ प्लास्टिकचा थर यांच्या प्रमाणातून तो गुण येतो. स्पीकरच्या आवाजाला त्याचं काही नसतं, पण डिजिटल ऑडिओत ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला तीस लाखांहून जास्त बिट जातात, आणि वाटेत हे प्रमाण बदललं की सिग्नलचा काही भाग भिंतीवर आपटलेल्या लाटेसारखा मागे फिरतो. म्हणून मधला थर दाबला जाऊ नये, केबल काटकोनात मोडू नये, आणि मुख्य म्हणजे तो थर वितळू नये.

माझ्याकडून तो वितळला. जाळीला डाख देताना आयर्न जरा जास्त वेळ टेकवलं. बाहेरून जोड सुरेख दिसत होता. मीटर लावला तर पिन आणि पाकळी शॉर्ट. प्लग कापून बघितला: आतला पांढरा फेस मेणासारखा एका बाजूला वाहून गेला होता आणि मधली तार कलंडून जाळीला टेकली होती. आणखी एक अडचण म्हणजे मी आणलेल्या प्लगचं भोक ६ मिलिमीटरचं आणि आरजी-६ नावाची ही ७५ ओहमची केबल बाहेरून जवळजवळ ७ मिलिमीटरची. ती आत जाईचना. प्लग घेण्याआधी केबलचा तुकडा बरोबर नेऊन घालून बघायला हवा होता. शेवटी आरजी-६ साठी कॉम्प्रेशनचे आरसीए प्लग आणले. स्ट्रिपर फिरवला की दोन पायऱ्यांत केबल सोलली जाते, जाळी मागे उलटवून घ्यायची, प्लग दाबून आत सारायचा आणि हत्याराने एकदा आवळायचा. ना उष्णता, ना वितळणं, आणि ओढून सुटत नाही. जाड कोअॅक्सियलला मी आता डाख वापरतच नाही. जाळीचा एक तंतू मात्र मधल्या तारेकडे वळलेला राहायचा, म्हणून भिंगातून बघूनच प्लग चढवत होते.

कंपोनंटच्या हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन केबल्स तंतोतंत एका लांबीच्या हव्यात असं ठाम डोक्यात होतं. पट्टी लावून मिलिमीटरपर्यंत जुळवत एक अख्खी दुपार घालवली. नंतर हिशोब केला. अशा केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला साधारण ४ नॅनोसेकंद लागतात, आणि डीव्हीडीच्या चित्रातला एक बिंदू सुमारे ७४ नॅनोसेकंदांचा. एखादी केबल हातभर लांब झाली असती तरी रंग चित्रावरून सरकलेला डोळ्यांना दिसला नसता. लांबी सारखी ठेवावी, ती बांधायला आणि ओवायला सोयीची पडते म्हणून. ती दुपार जाळी नीट उलटवण्यात घालवली असती तर जास्त उपयोग झाला असता.

चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या वाटेला मी गेले नाही. १९ पिना, त्यातल्या जोड्यांमधून सेकंदाला अब्जावधी बिट, २.१ आवृत्तीत तर ४८ गिगाबिटपर्यंत. हाताने सोललेल्या टोकाला तो ताण झेपत नाही. ती तयारच घ्यावी. प्रोजेक्टरपर्यंतची लांब होती म्हणून ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, घेतली. तिला दिशा असते, पाइपातून ओढण्याआधी बाण बघून घेतला. विजेच्या मुख्य पुरवठ्याच्या वायरींनाही हात लावला नाही. त्या जिथे वाटेत आल्या तिथे आपली केबल काटकोनातून पार केली, शेजारून समांतर नेली नाही.

शेवटची फेरी पोलॅरिटीची, म्हणजे धन-ऋण बाजू बरोबर लागल्यात का ते बघण्याची. सगळ्या तारा अँप्लिफायरपासून सोडवल्या. दीड व्होल्टचा सेल घेतला, धन बाजू लाल तारेला, ऋण बाजू काळ्या तारेला, आणि नुसती क्षणभर टेकवायची. वूफरचा कोन बाहेर यायला हवा. मी रॅकपाशी सेल घेऊन, भाऊ स्पीकरसमोर बसलेला.

"बाहेर. बाहेर. पुढचा लाव."

"हा मागचा डावा."

"आत गेला, ताई."

"नीट बघ, परत लावते."

"आतच जातोय. हा उलटा लागलाय."

मला पटेना. तारेच्या एका बाजूला बारीक रेघ असते, तीच मी सगळीकडे लाल धरली होती. गुडघ्यावर बसून दाराच्या चौकटीपर्यंत मागोवा घेतला. चौकटीपाशी तार वळवताना तिला पीळ पडला होता, आणि स्पीकरच्या टोकाला मी रेघ न बघता डाव्या-उजव्या अंदाजाने प्लग लावले होते. आठवडाभर त्या सेटवर आम्ही सिनेमे बघितले होते. मागून येणारा पाऊस एका जागी न पडता डोक्यात कुठेतरी विरघळल्यासारखा वाटायचा, आणि ते खोलीमुळे असेल असं मी धरून चालले होते.

प्लग अदलाबदल केले. सेल पुन्हा लावला, कोन बाहेर आला. मग भावाने कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलं, वरून पारदर्शक श्रिंक स्लीव्ह चढवली आणि गरम हवा मारली. 'मागचा डावा' अशी पट्टी त्याने दोन्ही टोकांना लावली आणि रेघेच्या बाजूला लाल ठिपका काढला. तारा अँप्लिफायरला जोडल्या, दिवे घालवले आणि तोच पावसाचा प्रसंग लावला. पाऊस डाव्या खांद्यामागे, खिडकीच्या बाजूला पडत होता. भावाने मान वळवून तिकडे बघितलं.